पाहुण्या मुलाचे मैदान

औरंगपुऱ्यात भर दुपारी कोणालाही एक साधा प्रश्न विचारून पाहावा. "आम्ही परगावचे. काम संध्याकाळपर्यंत चालेल. बरोबर दोन लहान मुले आहेत. त्यांना खेळायला कोठे न्यावे?" ऐकणारा क्षणभर विचार करील आणि बहुधा सिद्धार्थ उद्यानाचे नाव सांगेल. ते मध्यवर्ती बसस्थानकाजवळ आहे, मुले बरोबर असतील तर रिक्षा करावी लागेल आणि आत जाण्यास तिकीट पडेल, हेही तो सांगेल. पायी जाता येईल, पैसे न देता मुलांना मोकळे सोडता येईल आणि आईला सावलीत बसून त्यांच्यावर नजर ठेवता येईल, असे जवळचे ठिकाण कोणते, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्या ओठांवर सहज येणार नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे पावणेबारा लाख लोकसंख्या नोंदवलेल्या, मराठवाड्याची राजधानी म्हणवणाऱ्या शहराच्या ऐन मध्यवस्तीतली ही स्थिती आहे.

हा प्रश्न राजकीय कार्यक्रमपत्रिकेवर यावा इतका मोठा नाही, असे पुष्कळांना वाटेल. पाणी, रोजगार, शेतमालाचे भाव यांपुढे मुलांच्या झोपाळ्यांची गोष्ट ती काय, असे म्हटले जाईल. तथापि शहरातील जमीन कोणाची, तिचा उपयोग कोणी ठरवायचा आणि ज्याच्या हाती पैसा नाही, मत नाही, ओळख नाही, त्याचा तिच्यावर काही हक्क आहे की नाही, हे प्रश्न जर राजकारणाचे असतील, तर खेळाच्या मैदानाचा प्रश्नही राजकारणाचाच आहे.

प्रथम हे पाहुणे कोण, ते पाहू. वेरूळ-अजिंठा पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकाची काळजी हॉटेलवाले आणि प्रवासी कंपन्या घेतात. परंतु या शहराचे खरे पाहुणे वेगळेच आहेत. घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, कोणाला तरी दाखवायला आणलेले कुटुंब. १९८१ साली येथे सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जमिनीच्या दाव्यासाठी आलेला शेतकरी. लग्नाचा बस्ता बांधायला गुलमंडीवर आलेली मंडळी. शाळेची पुस्तके घेण्यासाठी औरंगपुऱ्यात उतरलेले आईबाप. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपर्यंतच्या खेड्यांतून ही माणसे पहाटेच्या एस.टी.ने निघतात. मुलांना घरी सांभाळायला कोणी नसते म्हणून, किंवा मुलांनी 'शहर पाहायचे' असा हट्ट धरला म्हणून, ती बरोबर असतात. दुपार होईपर्यंत या मुलांनी रांगा पाहिलेल्या असतात, जिने पाहिलेले असतात आणि "हात लावू नकोस" हे वाक्य पुष्कळ वेळा ऐकलेले असते. त्या मुलांना तासभर धावायला जागा मिळणे ही चैन नव्हे. खेड्यात अंगण, पार, ओढा आणि माळ ज्याला फुकट मिळतो, त्या मुलाला शहरात पाऊल ठेवताच खेळण्यासाठी पैसे मोजावे लागतात, हे शहराच्या श्रीमंतीचे लक्षण कसे मानावे?

चांगले खेळाचे ठिकाण म्हणजे काय, याविषयीही आपल्याकडे गोंधळ आहे. रंगीबेरंगी प्लास्टिकची घसरगुंडी, सिमेंटचा हत्ती आणि उद्घाटकाच्या नावाची संगमरवरी पाटी एवढी सामग्री जमली की बालोद्यान झाले, अशी समजूत रूढ आहे. मुलांची गरज फार साधी असते. पायाखाली फरशी नव्हे तर माती किंवा वाळू हवी. मोठ्या झाडांची सावली हवी. चढायला, लोंबकळायला, उड्या मारायला काही मजबूत साधन हवे. तीन वर्षांच्या मुलाची जागा आणि बारा वर्षांच्या मुलांच्या क्रिकेटची जागा निरनिराळी हवी, नाही तर धाकटी मुले व मुली आपोआप कडेला ढकलल्या जातात. पिण्याचे पाणी हवे. स्वच्छ शौचालय हवे, कारण त्याच्या अभावी बायका मुलांना घेऊन अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कोठे थांबू शकत नाहीत. वाहनांच्या रस्त्यापासून ती जागा सुरक्षित असावी आणि तिच्या दाराशी तिकिटाची खिडकी नसावी. यातली एकही गोष्ट महाग नाही, तरीही या सर्व गोष्टी एके ठिकाणी सापडणे दुर्मीळ झाले आहे.

औरंगपुऱ्याच्या परिसरात मोकळ्या जागा मुळातच नाहीत, असे नव्हे. जिल्हा परिषदेचे मैदान याच भागातले. खडकेश्वराजवळ मराठवाडा सांस्कृतिक मंडळाचे मैदान आहे. १९१५ साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेचा परिसर येथेच आहे. थोडे पुढे गेले तर ज्याच्या नावातच मोगल दरबाराची आठवण आहे, ते आमखास मैदान आहे. परंतु या जागांची ओळख लोकांच्या मनात कशी आहे, ते पाहावे. सांस्कृतिक मंडळाचे मैदान महाराष्ट्राला ठाऊक आहे ते प्रचंड राजकीय सभांचे मैदान म्हणून. आमखास म्हटले की सभा आणि प्रदर्शने आठवतात. जिल्हा परिषदेच्या मैदानावर दिवाळीत फटाक्यांचा बाजार भरत असे. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, त्या बाजाराला आग लागली आणि शंभरावर दुकाने पाहता पाहता भस्मसात झाली. त्या वेळी चर्चा झाली ती अग्निशमनाची, परवान्यांची आणि नुकसानभरपाईची. भर वस्तीतली मोकळी जागा मुलांच्या वाट्याला वर्षातून किती दिवस येते आणि बाजाराच्या वाट्याला किती, हा प्रश्न त्या चर्चेत कोठे ऐकू आला नाही.

मैदान सभेला देऊ नये, बाजाराला देऊ नये, असा हट्ट येथे नाही. लोकशाहीला सभेची जागा लागते आणि हातावर पोट असलेल्या विक्रेत्याला बाजाराची. पण सभेनंतर मैदानात खड्डे, खिळे, बांबूंचे तुकडे आणि कचरा राहतो आणि तो उचलण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. यात सर्वच पक्षांचा समान वाटा आहे. मंडपाचे खड्डे बुजवल्याशिवाय अनामत रक्कम परत मिळणार नाही, असा नियम काटेकोरपणे अमलात आणण्यासाठी कोणत्या योजनेची वाट पाहावी लागते?

सिद्धार्थ उद्यान हे या शहराचे सर्वांत लोकप्रिय उद्यान आहे. प्राणिसंग्रहालयातले वाघ पाहण्यासाठी खेड्यापाड्यांतली मुले तेथे हौसेने येतात, आणि यावीतही. पण वाघ पाहणे ही वर्षा-दोन वर्षांतून एकदा करायची गोष्ट झाली. धावणे ही रोजची भूक आहे. शिवाय एकाच ठिकाणी सगळ्या शहराची आणि सगळ्या जिल्ह्याची मुले गोळा करायची म्हटले की त्या ठिकाणी जत्रा होते आणि देखभाल गर्दीला पुरी पडत नाही. जून २०२५ मध्ये वादळी वाऱ्यात या उद्यानाच्या प्रवेशद्वाराचा भाग कोसळून दोन महिलांचा मृत्यू झाला. मुलांना घेऊन जाण्याच्या जागेची बांधकामे कोण तपासतो, किती दिवसांनी तपासतो आणि त्याचा अहवाल लोकांना पाहायला मिळतो काय, हे प्रश्न त्या दुर्घटनेने विचारले आहेत आणि ते विसरता कामा नयेत.

खेळासाठी सरकारजवळ पैसा नाही, हेही खरे नव्हे. गारखेडा भागात विभागीय क्रीडा संकुल आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या बँक खात्यांतून सुमारे एकवीस कोटी रुपयांचा अपहार झाल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. न्यायालयात काय सिद्ध व्हायचे ते होईल. पण क्रीडा या नावाखाली एवढी रक्कम खात्यांत होती आणि ती तेथून गेल्याचे पुष्कळ काळ कोणाच्या ध्यानात आले नाही, ही गोष्ट बोलकी आहे. त्याच शहरात झोपाळ्याची तुटलेली साखळी बदलायची म्हटले की निधी नाही असे उत्तर मिळते!

या शहराला बागांची परंपरा नाही, असेही कोणी म्हणू शकणार नाही. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसवली आणि नहर खोदून शहरात पाणी खेळवले. पुढे औरंगजेबाच्या काळात शहराच्या भोवती पुरे वसले; औरंगपुरा, बेगमपुरा, करणपुरा, जयसिंगपुरा ही नावे त्या रचनेची साक्ष देतात. दिल्ली दरवाजाकडची हिमायत बाग मोगल काळापासून आहे. आज ती कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे. परंतु सरंजामी काळातील बाग आणि लोकशाहीतील क्रीडांगण यांत मूलभूत भेद आहे. बाग राजाच्या विरंगुळ्यासाठी असे आणि प्रजेला तिच्यात प्रवेश मिळालाच तर तो कृपा म्हणून मिळे. सार्वजनिक मैदानात प्रवेश हा हक्क आहे. तेथे जाणाऱ्याला 'तू कोणाचा, कोठला' असे विचारण्याचा अधिकार कोणाला नाही. ज्या शहरात वस्त्या धर्माच्या नि जातीच्या नावाने ओळखल्या जातात, तेथे निरनिराळ्या वस्त्यांतील मुलांनी एकमेकांची नावे खेळता खेळता शिकावी, असे दुसरे ठिकाण कोणते आहे? राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून मैदानावरच्या शाखेला एवढे महत्त्व दिले, ते उगीच नव्हे.

१९७० च्या दशकापासून सिडकोने शहराच्या पूर्वेला नवी वसाहत उभी केली. तेथे आराखडा आधी झाला आणि घरे नंतर झाली, म्हणून मोकळ्या जागा राहिल्या; कॅनॉटच्या बागेत संध्याकाळी मुलांची गर्दी दिसते ती त्यामुळेच. जुन्या शहरात घरे आधी झाली आणि आराखडा मागाहून आला. म्हणजे मुलाला खेळायला मिळेल की नाही, हे त्याचे आईबाप कोणत्या भागात राहतात किंवा कोणत्या भागात काम काढून येतात, यावर अवलंबून राहिले.

कायदा काय म्हणतो? १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची तरतूद नागरी संस्थांकडे सोपवण्याच्या विषयांत स्पष्टपणे नमूद आहे. त्याच वर्षी भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले. असे असूनही महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात उद्याने व क्रीडांगणे यांची गणना ऐच्छिक कर्तव्यांत आहे. जे ऐच्छिक, ते अंदाजपत्रकात शेवटी येते आणि काटछाटीत पहिले जाते.

याहून गंभीर गोष्ट आरक्षणांची. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास योजनेत क्रीडांगणासाठी जमीन आरक्षित करता येते. नकाशावर तिला रंग दिला जातो आणि लोकांना वाटते की मैदान झाले. परंतु त्याच कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. मालकाचा पैसा सरकारने अनिश्चित काळ अडकवून ठेवू नये, हा या कलमाचा हेतू न्याय्यच आहे. पण प्रत्यक्षात मैदान बुडवण्यासाठी काहीही करावे लागत नाही. नुसते स्वस्थ बसले तरी पुरते. फाइल हलली नाही, मोजणी झाली नाही, पैसे ठेवले नाहीत, की मुलांची जमीन निमूटपणे बाजारात जाते. त्यासाठी ठराव नको, चर्चा नको, कोणाची सहीसुद्धा नको. या शहराच्या विकास योजनेचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत होता. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ तेथे निवडून आलेले सभागृहच नव्हते. अशा काळात आरक्षणांवर पहारा कोणी द्यायचा?

पहारा दिला तर उपयोग होतो, याचे उदाहरणही आहे. बंगलोरमध्ये एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली, तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. लोकांच्या आरोग्यासाठी मोकळी जागा राखणे हे सार्वजनिक कर्तव्य आहे आणि रुग्णालयाचे नाव पुढे करून ते टाळता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तेथे रहिवासी जागरूक होते, म्हणून उद्यान वाचले. पण ज्या मैदानाचा उपयोग मुख्यतः परगावच्या मुलांना व्हायचा, त्याच्यासाठी न्यायालयात कोण जाणार?

येथे प्रश्नाचे मूळ सापडते. मुलाला मत नसते. तरी गल्लीतल्या मुलाच्या आईबापांना मत असते, म्हणून नगरसेवक निदान निवडणुकीच्या वर्षात एखादी घसरगुंडी बसवतो. पाहुण्या मुलाच्या आईबापांचे मत पैठण तालुक्यात, नाही तर भोकरदनमध्ये असते. या शहरातल्या कोणत्याही वॉर्डात ते मूल कोणाचेही नसते. त्याच स्थितीत ऊसतोड मजुरांची मुले आहेत, बांधकामावरच्या मजुरांची मुले आहेत, घाटीच्या आवारात आजारी आईच्या उशाशी बसलेली मुले आहेत. म्हणून शहराची कसोटी घ्यायची तर ती त्याच्या मतदारांच्या सोयींवरून न घेता या मुलांवरून घ्यावी. ज्याच्याकडून काहीही परत मिळण्याची शक्यता नाही, त्याला आपण काय देतो, यावरून समाजाची नीती कळते.

आता पाण्याचा आक्षेप घेऊ. ज्या शहरात वर्षानुवर्षे अनेक दिवसांआड नळाला पाणी येत आले, तेथे आधी पाणी द्या, खेळ नंतर, असे म्हणणारे प्रामाणिक असतात. पण मैदाने बंद ठेवल्याने जायकवाडीचे पाणी लवकर आले, असे काही घडलेले नाही. दोन गरजांपैकी एक पुरी होत नाही म्हणून दुसरीही नाकारायची, हा युक्तिवाद गरिबांच्याच बाबतीत का केला जातो?

जगात ज्यांनी मुलांसाठी उत्तम काम केले, ते त्या वेळी श्रीमंत नव्हते. डेन्मार्क जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, १९४३ साली, कोपनहेगनजवळ एम्द्रुप येथे फळ्या, विटा आणि टाकाऊ सामानाचे क्रीडांगण सुरू झाले. त्यात मुले स्वतःच झोपड्या बांधत आणि मोडत. महायुद्धाने पोखरलेल्या ॲम्स्टरडॅममध्ये १९४७ साली आल्दो व्हॅन आइक या तरुण वास्तुशिल्पकाराने नगरपालिकेच्या नोकरीत असताना एका लहानशा चौकात पहिले क्रीडांगण केले. वाळूचा हौद, लोखंडी दांड्यांच्या कमानी, उड्या मारण्यासाठी गोल ठोकळे आणि बसायला बाके, एवढेच त्यात होते. कुंपण नव्हते, तिकीट नव्हते. ते पाहून नागरिक आपल्या भागातल्या रिकाम्या जागा दाखवून तसेच क्रीडांगण मागू लागले. १९७८ पर्यंत त्या शहरात सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली, आणि त्यांतली पुष्कळशी पाडलेल्या घरांच्या नि ओसाड पडलेल्या तुकड्यांवर उभी होती. मोठी जागा मिळेपर्यंत ते शहर थांबले नाही.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी धावू लागली आणि परगावच्या मुलांच्या कित्येक पिढ्या तिच्यात बसल्या. त्याहून मोलाचा धडा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला दिला. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली आणि शाळाच कुरणात नेली. मूल जेथे आहे तेथे सोय गेली पाहिजे, हा तो धडा. शहरात पाहुणे मूल कोठे असते? रुग्णालयाच्या आवारात, बसस्थानकावर, न्यायालयाबाहेर, बाजाराच्या तोंडाशी. तेव्हा खेळाच्या लहान लहान जागा तेथेच झाल्या पाहिजेत. घाटीच्या आवारात एका झाडाखाली वाळूचा हौद आणि चार झोपाळे, हे काम कोट्यवधींचे नाही.

कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी सत्ता हाती येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. विकास योजनेचा नकाशा मिळवून आपापल्या वॉर्डातील क्रीडांगणांची आरक्षणे प्रत्यक्ष पायी फिरून पाहावी. कोणत्या जागेची दहा वर्षे केव्हा भरतात, याची यादी करून ती चौकात फलकावर लावावी. माहितीच्या अधिकारात नोटिसांची स्थिती विचारावी. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांची मैदाने शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत सर्व मुलांना खुली राहावीत, अशी मागणी करावी. रखवालदाराच्या पगाराचा भार महापालिकेने उचलावा, म्हणजे शाळांची रास्त अडचणही दूर होईल. सार्वजनिक उद्यानांत मुलांना आणि त्यांच्याबरोबरच्या एका मोठ्या माणसाला तिकीट नसावे. मैदान वर्षातून किती दिवस सभा-बाजारांना दिले, याचा हिशेब मैदानाच्या दारावरच लिहिलेला असावा. बसस्थानकावर पर्यटनस्थळांच्या जाहिराती असतात. तेथेच 'मुलांना खेळण्यासाठी जवळची जागा' सांगणारी, वाट, पाणी आणि शौचालय दाखवणारी एक पाटी मराठी, उर्दू आणि हिंदीत लागावी.

आणि आपल्या पक्षाची सभा ज्या मैदानावर होईल, ते दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच कार्यकर्त्यांनी झाडून, खड्डे बुजवून, मुलांना परत करावे. त्यासाठी ठराव लागत नाही, निधी लागत नाही. औरंगपुऱ्यापासूनच त्याचा आरंभ करता येईल.